हलका की भारी

आमच्या सुनेला एक खोड आहे, आणि ती मला मेलीला बघवत नाही. घरात जे सगळ्यात वाईट असेल ते ती बरोब्बर शोधून स्वतःकडे घेते. कपांच्या जोडात एकाचा कान तुटलेला असेल तर तो कप हिचा. पावाचा करपलेला तुकडा हिचा. खुर्च्यांमधली जी डुगडुगते तिच्यावर ही बसणार, आणि वर आम्हालाच सांगणार, "असू दे, मला सवय आहे." सवय आहे म्हणे! सवय काय जन्माला येताना बरोबर घेऊन आलीस? चार पाहुणे घरात असले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यांना वाटणार, म्हातारी छळते सुनेला. मी तोंडाची तिखट आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत, मग बोट कुणाकडे जाणार?

बरं, पोरगी मुखदुर्बळ असती तर गोष्ट वेगळी. पण हिचं काम काय? तर बोलायला शिकवणं! ज्यांची मुलं उशिरा बोलतात, अडखळतात, त्यांच्या घरी जाऊन ही शिकवते. जमिनीवर फतकल मारून बसते, मांडीवर लॅपटॉप घेते, चित्रं दाखवते, आवाज ऐकवते, आणि मुलाच्या तोंडून एखादा शब्द निघेपर्यंत न कंटाळता बसून राहते. एकदा एका मुलाची आई आमच्या दुकानात आली आणि माझे हात धरून रडायला लागली. म्हणाली, "तुमच्या सुनेनं माझ्या मुलाला 'आई' म्हणायला शिकवलं." मी वरवर म्हटलं, "हो, कामाची आहे तशी." मनात म्हटलं, लोकांच्या पोरांना वाचा देते आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप. दिव्याखाली अंधार तो हाच.

आमचं दुकान धुलाईचं आणि इस्त्रीचं. मी आणि माझ्या मालकांनी उभं केलं. आता मुलगा बघतो, आणि मुलगा कसं बघतो ते मी बघते. गल्ल्यामागची खुर्ची अजून माझीच आहे, आणि ती डुगडुगत नाही.

तर हिचा लॅपटॉप एक दिवस गेला. गेला म्हणजे मेला. तो मूळचा नवऱ्याचा, त्यानं वापरून टाकला म्हणून हिनं उचललेला. त्याची बिजागरी सैल, झाकण मागे कलंडायचं, आणि वायर काढली की लगेच मान टाकायचा. लोकांच्या घरी गेली की ही आधी प्लग शोधायची, मग मूल. शेवटी त्यानं डोळे मिटले ते उघडेचना.

सकाळी चहा पिताना मुलगा म्हणाला, "नवीनच आणू या. कसला हवा तुला?"

ती धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. म्हणाली, "हलका बघा. मला हलकाच बरा पडेल."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "बघितलंस आई? किती समजूतदार आहे."

समजूतदार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या धंद्यात कपड्याच्या जाती दोनच, भारी आणि हलका. भारी म्हणजे महागाचा. तो वेगळा ठेवायचा, हातानं धुवायचा, वर फडकं अंथरून इस्त्री फिरवायची. हलका म्हणजे टाक ढिगात. आणि ही बया स्वतःच्या तोंडानं स्वतःसाठी हलका मागते.

"हलका कशाला? भारीतला घ्या," मी म्हटलं.

"नको आई. भारी मला झेपत नाही."

"झेपायचं आम्ही बघू. तुला काय करायचंय?"

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि चादरीचं दुसरं टोक शोधायला लागली.

मुलगा बायकोच्या शब्दाबाहेर नाही, अशा वेळी तर मुळीच नाही. संध्याकाळी खोकं घेऊन हजर. "स्वस्तात मस्त!" म्हणत त्यानं ते टेबलावर ठेवलं. इतका खुशीत होता की विचारू नका, जसा काही स्वतः घडवून आणलाय. मी लॅपटॉप उघडून बघितला. काळं प्लॅस्टिक, झाकण जरा दाबलं की आत दबायचं, बटणं थंडीत दात वाजावेत तशी वाजायची. मी नाक मुरडलं. पण ज्याचं त्याला आवडलं तर आपण कोण?

सुनेनं तो दोन्ही हातांनी उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "छान आहे," म्हणाली, "चालेल." मग बॅगेत घातला, बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत जाऊन परत आली आणि बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मला वाटलं, बॅग तपासते आहे.

निजताना बघते तर नेहमीसारखी गरम पाण्याची रबरी पिशवी भरत होती. बरेच दिवस तिचं हे चाललं होतं. मी मागे विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, "थंडी वाजते." मी आपली तिला जाड पांघरूण काढून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला निघाली तेव्हा मी म्हटलं, "आजच्या दिवस तो नवा इथेच ठेव. मला काम आहे त्याच्याशी." तिला वाटलं असेल, म्हातारीला गंमत बघायची आहे. ती बिचारी चित्रांचे पुठ्ठे घेऊन गेली. मी मुलाला म्हटलं, "ऊठ. हा परत करायचा."

"आई, तुला लॅपटॉपमधलं काय कळतं?"

"लॅपटॉपमधलं नाही कळत. हलकं काय, भारी काय ते कळतं. जन्म गेला त्यात."

त्या दुकानात सगळीकडे पांढरे दिवे, आणि लॅपटॉप सगळे तोंड उघडून ओळीनं बसलेले, जशी दातांच्या डॉक्टरकडे रांग. विकणारी एक चुणचुणीत मुलगी होती. मी खोकं तिच्यापुढे ठेवलं. "हा हलका आहे. भारी दाखव."

ती खोक्याकडे बघत राहिली. "याच्याहून भारी? आजी, हाच भारी आहे."

"मला शिकवू नकोस. सगळ्यात स्वस्त तो तू काल माझ्या मुलाच्या गळ्यात मारलास."

"स्वस्त आहेच की. पण भारी आहे. उचलून बघा ना."

"उचलून काय बघू? किंमत काय उचलून कळते?"

आता ती माझ्या मुलाकडे बघायला लागली, की ही बाई शुद्धीवर आहे ना. मग मागच्या फळीवरून तिनं दुसरा काढला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला. इस्त्री करून घडी घातलेला शर्ट हातावर पडावा तसा तो पडला. "हा घ्या. हा हलका. आणि हा महाग."

"हलका आणि महाग? असं कुठल्या बाजारात असतं?"

"लॅपटॉपच्या बाजारात, आजी. इथे जितका हलका तितका महाग."

मुलगा खो खो हसायला लागला. मलाही हसू आलं होतं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत विरलं. मी खोक्यातून कालचा काढून दुसऱ्या हातात धरला. तो हात आपोआप खाली गेला, आणि खांद्यात जराशी कळ आली.

"अरे," मी मुलाला म्हटलं, "ती काय म्हणाली होती?"

"हलका बघा, म्हणाली."

"आणि तू काय ऐकलंस?"

त्याचं हसणं थांबलं. "स्वस्त," तो म्हणाला.

"मीही तेच ऐकलं. आणि ती रबरी पिशवी? थंडी वाजते म्हणे! खांदा शेकते ती, गाढवा. रोज ते ओझं घेऊन लोकांचे जिने चढून-उतरून पोरीचा खांदा गेला."

तो खाली बघायला लागला. मीही कुठे बघावं ते न कळून त्या तोंड उघडलेल्या लॅपटॉपांकडे बघत राहिले. माझी लेक असती तर तिनं कुठल्या दुकानातला, कुठल्या रंगाचा, सगळं सांगितलं असतं, आणि नाही आणला तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिनं लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा स्वतःसाठी एक गोष्ट मागितली, तीही सगळ्यात चांगली मागितली. आणि मायलेकांचे मिळून चार कान, त्यांतला एकही कामाचा निघाला नाही. ती मागेल ते वाईटच असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

"मग हाच घेऊन टाकू," मुलगा म्हणाला आणि खिशात हात घातला.

"थांब. पुन्हा तिच्याशिवाय? फोन लाव तिला. म्हणावं, शिकवणी संपली की तशीच इकडे ये."

ती आली ती घाबरीघुबरी होऊन. दारातूनच तिनं आधी मला बघितलं, मग तिच्या नवऱ्याला, आम्ही दोघं धडधाकट आहोत हे पाहून श्वास सोडला. मी तो हलका तिच्या हातावर ठेवला.  तिनं तो एका हातानं धरला, एकाच हातानं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"हाच म्हणत होतीस ना?" मुलानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत आणला होतात," ती म्हणाली. "कसं बोलू?"

ऐका! आता हिच्यावर चिडावं तरी कसं?

मग मी दुकानातल्या मुलीला म्हटलं, "आता आलोच आहोत तर तुझ्याकडचा सगळ्यात महाग कुठला तो काढ." तिनं काढला. सोनेरी, लांबरुंद, आरशासारखा लखलखीत. मला तर बघताक्षणी आवडला. शंभर लॅपटॉपांत उठून दिसावा असा. म्हटलं, आता कुणाची टाप आहे म्हणायची, की सासू सुनेला हलक्यात ठेवते!

दुकानातली मुलगी प्रामाणिक निघाली. "आजी, हा सिनेमाचं एडिटिंग करणारे लोक घेतात. रोजच्या कामाला एवढी ताकद लागत नाही. तुमचे पैसे नुसते पडून राहतील."

"तुला विकायचा आहे की नाही? सूनबाई, हा घे."

सुनेनं बॅग काढून बाजूला ठेवली. आणि काय केलं? भर दुकानात जमिनीवर फतकल मारून बसली! लोक बघायला लागले. मुलगा म्हणाला, "अगं, खुर्ची आहे." ती म्हणाली, "मी काम करताना खुर्चीवर बसते का?" सोनेरी मांडीवर घेतला, तर तो दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर आला. झाकण मागे-पुढे करून तिनं बघितलं आणि म्हणाली, "यात आपलं तोंड दिसतं. मुलं चित्र सोडून स्वतःलाच वेडावून दाखवत बसतील."

मग तिनं मघाचा हलका घेतला. मग तसाच आणखी एक मागून घेतला, राखाडी, दिसायला अगदी साधा. दोघांवर टाइप करून बघितलं. 'स' आणि 'श' चा आवाज लावला आणि कान लावून ऐकला. पुन्हा लावला. वायर न लावता कुठला किती वेळ चालतो ते विचारलं. दुकानातली मुलगी तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसली. दोघी अशा रंगल्या की आम्ही मायलेक उभेच.

"राखाडी," शेवटी ती म्हणाली. "दिवसभर चालतो, आवाज स्वच्छ आहे, आणि वजन तेवढंच."

"अगं, पण तो राखेसारखा दिसतो," मी म्हटलं. "सोनेरी घे. नाही म्हणू नकोस."

"नको, आई."

"माझ्या मनात आहे, तर घे ना!"

"आई, नको म्हटलं ना. तुम्हाला तो चारचौघांत दाखवायला हवाय. मला चौथ्या मजल्यावर न्यायचाय." आणि नवऱ्याकडे वळून, "तुम्हीही ऐका. कालच्यापेक्षा हा बराच महाग आहे, ते मला माहीत आहे. तरी मला हाच हवा."

 मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं आचेवर दूध वर येताना बघावं. ती स्वतःही दचकली असावी, कारण कान लाल झाले होते. पण राखाडी तिनं खाली ठेवला नाही. छातीशी धरून बसली, कुणी मूल हिसकावून न्यायला आलं असावं तशी.

मला राग यायला हवा होता. मी वाटही बघितली त्याची. आला नाही. उलट असं वाटलं, की इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई मला आज भेटते आहे.

मी गुडघ्यावर हात टेकून वाकले, म्हणजे तिला नीट ऐकू जाईल, आणि दुकानातल्यांनाही. म्हटलं, "हे बघ सूनबाई. भर दुकानात सासूला दोनदा नको म्हणालीस, आणि दोन्ही वेळा तुझंच बरोबर होतं. हे मी घरी कबूल करणार नाही, काय ते इथेच ऐकून घे. भांडायला चांगली आहेस तू. आवाज तेवढा लहान पडतो, पण सरावानं मोठा होईल. उद्यापासून रोज सकाळी माझ्याशी थोडं थोडं भांडत जा."