पहिला नंबर दिपिकाचा

पनवेल स्टेशनबाहेर सुकापूरच्या शेअर रिक्षांच्या रांगेत दिपिकाचा पहिला नंबर होता, आणि तिच्या विजेच्या रिक्षात माशीसुद्धा बसायला तयार नव्हती. मागे निकेशची जुनी सीएनजी रिक्षा घरघरत उभी. तिच्यात मात्र एक जण येऊन बसलासुद्धा.

रिक्षावाल्याच्या ‘लगेच निघतो’वर इथलं शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. लोकांचा विश्वास इंजिनावर. ज्याचं घरघरतंय तो निघणार, ज्याचं गप्प आहे तो चहाला जाणार, हे पनवेलकरांच्या इतकं अंगात मुरलंय की त्यापुढे रांग नि नंबर सगळं झूठ. आता दिपिकाच्या रिक्षाला आवाजच नाही, ती बापडी घरघरणार कुठून?

ऑफिसातून परतणाऱ्या वसुंधराताई आत डोकावल्या. "चालू झाली की सांग हं."

"चालूच हाय, मॅडम. बसा तुमी."

"आवाज तर येत नाहीये," म्हणत त्या मागच्या रिक्षात जाऊन बसल्या. दिपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात स्टँडचा कारभार बघणारे दाजी आले. "दिपे, रोज तू नंबर अडवून बसतेस, मागचे बोंबलतान. आज भरली नाय तर उद्यापासून गाडी रांगेत लावू नको."

"आवाज नाय, यात माजी काय चूक?"

"तुजी नाय. पन मानसांना समजवल कोन?"

रांग गेली की दिवसभर रस्त्यावर सवाऱ्या हुडकत फिरायचं. दिपिकाला रडू येईना, राग मात्र मावेना.

मग बाजाराकडून तिची आई हौसा येताना दिसली, हातात भाजीच्या जड पिशव्या. दिपिकाचा जीव भांड्यात पडला. याच रिक्षेला आईनं स्वतः हार घातला होता, अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. एक बसली की दुसरे बसतात.

हौसा सरळ पुढे निघून गेली.

"आये, हिकडं बस ना."

"पाय लय दुखतान गं. निकेश निघालाच हाय. तुजी सुरू झाली की ये तू मागनं."

निकेश ओशाळला. "काकी, नंबर तिचा हाय," तो म्हणाला, पण हौसा पिशव्या मांडीवर घेऊन बसलीही होती. तिघं भरले. दाजींनी मान हलवली आणि रिक्षा सुकापूरला गेली.

दिपिकाला दाजींशी कडकडून भांडायचं होतं. पण कुठल्या तोंडानं भांडणार? तिनं मुकाट्यानं गाडी रांगेबाहेर काढली.