सुरेख स्लाइड

"विषाणूचा ताप असेल, उतरेल आपोआप," असं नवऱ्याला ठासून सांगूनही तिने फणफणलेल्या लेकीच्या बोटातून थेंबभर रक्त काचेच्या स्लाइडवर घेतलं आणि कामावर गेल्यावर ती स्लाइड प्रयोगशाळेतल्या इतर स्लाइड्समध्ये ठेवून दिली.

दुपारी प्रयोगशाळेतली सहकारी म्हणाली, "ताई, जरा ही बघा."

तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला. तांबड्या पेशींत घुसून मलेरियाचे परजीवी अंगठ्यांसारखे ठसठशीत बसले होते.

"किती सुरेख आलीय गं," ती सवयीने म्हणाली. जंतू जितके स्पष्ट, तितकी इथे दाद मोठी.

"पण आहे कुणाची? नंबरच नाही. नुसतं 'चिमणी' लिहिलंय."

"माझी लेक," ती कशीबशी म्हणाली.

"अगं बाई. मग पळा घरी, आजच औषध सुरू करा. इथलं मी बघते."

तिने पर्स उचलली. मघाचं 'सुरेख' मात्र कानातून जाईना.