पोटावरची माती

झाशीच्या रेल्वे कॉलनीत सकाळच्या वेळी मार्तंडरावांच्या ओसरीवर एखादा नवखा माणूस आला असता, तर इथे काहीतरी अपघात झाला आहे असेच त्याला वाटले असते. चटयांवर भली भली माणसे उताणी पडलेली, सदरे खुंटीला, आणि प्रत्येकाच्या पोटावर ओल्या काळ्या मातीची जाड भाकरी थापलेली. कोणी चकार शब्द बोलत नसे, कारण पोटावर लेप असताना बोलू नये असा नियम होता. मधूनच यार्डातले एखादे इंजिन शिट्टी देई आणि सगळी पोटे एकदम दचकत.

मार्तंडराव पार्सल ऑफिसात कारकून होते. माणूस इतका भिडस्त, की टांगेवाल्याने चुकून भलत्याच गल्लीत नेले तर तिथेच उतरून घेत आणि उरलेली वाट पायी तुडवत, पण त्याला चुकलास म्हणत नसत. ऑफिसात त्यांचे कोणी ऐकत नसे, कारण ते बोललेले मुळात ऐकूच येत नसे. राहिली पुस्तके. पुस्तकांतूनच त्यांना निसर्गोपचार सापडला आणि ते त्याच्यात असे बुडाले, की बाहेर आले ते थेट मातीचे घमेले हातात घेऊनच.

त्यांचे म्हणणे साधे होते. शरीर म्हणजे इंजिन. इंजिन कितीही उमदे असले तरी राखेचा खाना भरला की विस्तव गुदमरतो. त्यावर फायरमन इंजिनाला औषध पाजत नाही, राख काढतो. माणसाचेही तसेच. रोग वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच, आत साचलेली घाण. ती बाहेर काढायला निसर्गाने पाणी दिले, ऊन दिले, उपास दिला आणि माती दिली. माती पोटावर ठेवली की आतले विष ती हळूहळू ओढून घेते. एवढे बोलून झाले की मार्तंडराव थांबत आणि खालच्या आवाजात जोडत, "बहुधा."

गंमत अशी, की लोकांना ओढ लागली ती त्या 'बहुधा'ची. रेल्वेच्या दवाखान्यात सगळे कसे ठाम. इथे एक माणूस पोटावर माती थापून खऱ्या काळजीने सांगे, की बहुधा बरे वाटेल. गोविंदराव गार्ड त्यातले पहिले. जवळच्या बबीना स्टेशनाच्या बाजूला मालगाडी साइडिंगला लागली, की चहा आणि भजी यांच्या आधाराने दिवस काढायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता आणि त्यातून त्यांना जे आम्लपित्त जडले होते ते डब्याबरोबर बबीन्याला जाई आणि डब्याबरोबर परत येई. त्यांच्यामागून ऑफिसातला दिवाकर आला, तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी. हा इथेच जन्मलेला, मराठी समजायची सगळी, बोलताना मात्र दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरायचा. आणि शेवटी शहरातून, चांगले तटाच्या आतून, यज्ञेश्वरशास्त्री येऊ लागले. त्यांचे घराणे पेशव्यांच्या सुभेदारांबरोबर झाशीत आलेले, तेव्हापासून पौरोहित्य. शास्त्रीबुवांची तक्रार सांगण्यासारखी नव्हती. पण पहिल्या आठवड्यानंतर ते येताना गंभीर आणि जाताना प्रसन्न दिसू लागले, यावरून ज्याला समजायचे त्याला समजले.

आयुष्यात प्रथमच मार्तंडरावांसमोर चार माणसे गप्प राहून त्यांचे ऐकत होती. दिवसभर पार्सलांच्या ढिगात बसताना ते मनातल्या मनात त्या ओसरीवर जाऊन येत. एवढेच त्यांचे सुख, आणि ते जाईल की काय हीच त्यांची भीती.

यमुनाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या सगळ्याचे कौतुक बेताचेच होते. त्यांचा जीव गणपतीत होता. कॉलनीतली मराठी मंडळी पूर्वी मूर्ती पुण्याहून मागवीत, पण दोन वर्षे लागोपाठ गाडीच्या धक्क्यांनी गजानन सोंडेवाचून उतरले. तेव्हा यमुनाबाई म्हणाल्या की मी करते. त्या मूळच्या कोकणातल्या, माहेरी गणपतीचा कारखाना. पहूज नदीच्या काठची माती वैशाखात गाडीभर यायची. अर्धी यमुनाबाईंच्या गणपतीला, अर्धी मार्तंडरावांच्या रोग्यांना. दोघांनाही माती हवी ती एकाच जातीची, हातभर खोलीवरची, बिनखड्याची, वस्त्रगाळ. तेवढ्याबाबत नवराबायकोचे एकमत होते.

आता खरी अडचण अशी, की पोटावरून काढलेल्या मातीचे करायचे काय? ती पुन्हा वापरू नये, दूर टाकावी, असे पुस्तकात होते. पण दूर म्हणजे कुठे? मार्तंडरावांनी विचार केला. माती विष ओढते हे खरे, तर टाकू तिथे ते विष जाणार. परसात टाकली तर तोंडल्याच्या वेलात जाईल. कुंपणापलीकडे टाकली तर शेजाऱ्याच्या शेळीच्या पोटात. नाल्यात टाकली तर नाला पुढे कुठे जातो कोण जाणे. असा विचार करता करता ते रोज ती माती उन्हात वाळवीत, कुटून चाळीत आणि कोळशाच्या खोलीतल्या एका पोत्यात भरून ठेवीत. निर्णय झाला की टाकू. पोते भरत आले, निर्णय काही होईना.

पावसाळा लागला. यमुनाबाईंचा गणपती आतल्या खोलीत पाटावर आकाराला येत होता. पाय झाले, आसन झाले, आणि ऐन पोटाशी माती संपली. नदी दुथडी भरून वाहत होती, नवी माती मिळणे शक्य नव्हते. अशात कोळसा काढायला गेलेल्या यमुनाबाईंना ते पोते दिसले. हात घालून पाहिला तर पिठासारखी मऊ माती. त्या तिथेच उभ्या राहिल्या. ह्यांनी, ज्यांना स्वतःच्या धोतराची गाठ सांगितल्याशिवाय आठवत नाही, त्यांनी न सांगता आपल्यासाठी माती कुटून चाळून ठेवली. त्या नवऱ्याला काही बोलल्या नाहीत. असल्या गोष्टी बोलल्या की विटतात असे त्यांचे मत होते. पण त्या दिवशी मार्तंडरावांच्या पानात तूप जास्त पडले आणि का पडले याचा विचार करण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला.

चतुर्थी परवावर आली. मूर्ती वाळली होती, रंग झाला होता, फक्त डोळ्यांची आखणी राहिली होती. सकाळी लेप उतरल्यावर शास्त्रीबुवांनी अंगावर उपरणे घेतले आणि मूर्ती पाहू म्हणाले. पूजा तेच सांगत. गोविंदराव आणि दिवाकरही मागे आले. यमुनाबाईंनी वरचे फडके काढले.

मूर्ती खरोखर देखणी झाली होती. विशेषतः पोट. असे भरलेले, गुळगुळीत, समाधानी पोट, की पाहणाऱ्यालाच जेवल्यासारखे वाटावे. शास्त्रीबुवांनी तोंड भरून स्तुती केली आणि पोटाला तडा कसा गेला नाही म्हणून विचारले.

तेव्हा यमुनाबाईंचा इतक्या दिवसांचा संयम सुटला. त्या म्हणाल्या, "ते श्रेय ह्यांचं. पोटाची सगळी माती ह्यांनी कुटून, चाळून, माझ्यासाठी पोत्यात भरून ठेवली होती. कोळशाच्या खोलीत."

आपली माती रोज कुठल्या पोत्यात जाते हे तिघाही रोग्यांना पक्के ठाऊक होते. गोविंदराव छपराकडे पाहू लागले. शास्त्रीबुवांचा हात नकळत आपल्या पोटावर गेला. मार्तंडरावांना पायाखालची जमीन सरकल्यासारखे झाले, आणि आता तीही मातीच, असा एक निरुपयोगी विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

यमुनाबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. काय झालं, असे त्यांनी विचारले. शेवटी दिवाकरला राहवले नाही.

"काकी, वो मिट्टी... म्हणजे ती तर आमच्या पोटावरची आहे."

यमुनाबाई पाटाजवळ सरकल्या. त्यांनी फडके उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. मार्तंडरावांना दिसले, की त्यांना मूर्तीचे वाईट वाटते आहेच, पण आणखीही कशाचे तरी वाटते आहे. त्या दिवशीचे तूप त्यांना आता उमगले.

सगळे शास्त्रीबुवांकडे पाहू लागले. शास्त्रीबुवांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मग ते सावकाश सांगू लागले, की नुसत्या स्पर्शाचे काही नाही. कुंभार पायाने माती तुडवतो, तरी घट चालतोच. स्पर्श धुतला जातो. पण मार्तंडराव रोज सांगतात तसे पोटातले विष मातीत उतरत असेल, तर तो मळ झाला. मळाची मूर्ती पूजेला चालायची नाही. नवी मूर्ती आता वाळणार नाही. म्हणजे यंदा सुपारी मांडून पूजा, आणि ही मूर्ती नदीत. तेव्हा प्रश्न धर्माचा नाहीच, वैद्यकाचा आहे. उत्तर मार्तंडरावांनी द्यावे.

"अहो, सांगा," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "इंजिन, राख, सगळं रोज ऐकते मी आतून. आज एवढंच सांगा. माती ओढते का?"

मार्तंडरावांनी पुस्तके आठवली. एकात माती ओढते असे होते. दुसऱ्यात माती नुसती थंडावा देते असे. तिसऱ्यात होते की बरे करणारा निसर्गच, आपण फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते की गोविंदराव हल्ली रात्री झोपतात, शास्त्रीबुवा हसतात. आणि त्यांनी मूर्तीचे पोट पाहिले. बेंबीपाशी, रंगाखाली, यमुनाबाईंच्या अंगठ्याचा हलका ठसा राहिला होता.

"नाही," ते म्हणाले. "ओढत नाही."

शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला. "बहुधा?"

"नक्की."

हा शब्द त्यांच्या तोंडून कॉलनीत कोणी ऐकला नव्हता. शास्त्रीबुवांनी दुसराही डोळा उघडला आणि मूर्तीला नमस्कार केला.

मग सगळ्यांना हायसे वाटले आणि मार्तंडरावांचे सांत्वन सुरू झाले. ते त्यांना फार जड गेले. गोविंदराव म्हणाले, खरं सांगू का पंत, माझं पित्त होतं तिथेच आहे, मी आपला जरा निवांत पडायला मिळतं म्हणून येत होतो. दिवाकरने आपल्या पुटकुळ्या खिडकीच्या उजेडात आणून दाखवल्या आणि जरा भी फर्क नाही म्हणून ग्वाही दिली. शास्त्रीबुवांनीदेखील आपल्या तक्रारीला गुण नाही असे संस्कृतात सांगितले. इतक्या चटकन, इतक्या मोकळ्या मनाने सगळे हे कबूल करत होते, की मार्तंडरावांना कळेना, हे आपल्यासाठी खोटे बोलताहेत की आजवर आपल्यासाठी खोटे बोलत होते. ते मान डोलवत राहिले.

गणपती बसला. पोटाची सगळ्यांनी वाहवा केली. विसर्जनाला पहूजच्या घाटावर, चुकलंमाकलं पोटात घाल देवा, हे मागणे त्या वर्षी चौघेजण नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, एवढा फरक सोडला तर सगळे यथासांग झाले.

पण या दिवसांत ओसरी रिकामी राहिली. येणार तरी कसे? सगळ्यांनी समक्ष साक्ष दिली होती. मार्तंडराव सवयीने पहाटे उठत, चटया घालत, पाहत बसत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. यमुनाबाई आतून बघत आणि काही विचारत नसत. पानातले तूप पुन्हा पूर्वीइतके झाले होते, कमी मात्र नव्हते, यातून काय समजावे हेही त्यांना कळत नव्हते.

विसर्जनानंतर दोनतीन दिवस गेले असतील. सकाळी फाटक वाजले. शास्त्रीबुवा होते. चेहरा पूर्वीसारखा गंभीर झालेला. त्यांच्या मागे गोविंदराव, एक हात छातीशी धरून. दोघेही हवापाण्याचे बोलले. मग शास्त्रीबुवांनी उपरणे खुंटीला लावले आणि चटईवर उताणे झाले.

मार्तंडराव गडबडून गेले. माती काही ओढत नाही असे आपण सर्वांसमोर म्हटले आहे, याची त्यांनी अडखळत आठवण दिली.

"ओढत नाही म्हणालात," शास्त्रीबुवा छपराकडे पाहत म्हणाले. "काही देत नाही असं नाही म्हणालात. थापा."

माती कुठून आणावी या विचारात मार्तंडराव उभे होते, तोच यमुनाबाई घमेले घेऊन बाहेर आल्या. पाऊस ओसरल्यावर नदीवरून त्यांनीच ती आणवली असावी. गणपतीला मळतात तशी लोण्यासारखी मळलेली होती. घमेले ठेवून त्या आत गेल्या. त्या दिवशी लेप असे बसले, की गोविंदरावांना थापतानाच डुलकी लागली. फरक पडेल ना, असे शास्त्रीबुवांनी विचारले, तेव्हा मार्तंडराव फार दिवसांनी म्हणाले, "बहुधा."

मंडळी गेल्यावर ते काढलेली माती घमेल्यात घेऊन परसात आले. कोळशाच्या खोलीकडे वळणार, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

"पोत्यात नको हं आता. माझ्या तोंडल्याच्या वेलाला घाला. यंदा धरलाय चांगला."

मार्तंडराव वेलापाशी गेले. तोंडली कोवळी, हिरवीगार लोंबत होती. पुढच्या आठवड्यात त्यांचीच भाजी यमुनाबाईंच्या पानात जायची. त्यांनी घमेले कलते केले. मग सरळ केले. पुन्हा कलते केले. खिडकीतून काही आवाज येत नव्हता, पण तिथे कोणी उभे आहे हे त्यांना पाठीला कळत होते.

शेवटी त्यांनी घमेले डोक्यावर घेतले, फाटक उघडले आणि ते रुळांपलीकडच्या ओसाड माळाकडे चालू लागले. मागून यमुनाबाईंचे शब्द आले, हसू दाबून बोललेले.

"म्हणजे ओढते तर."

ते मागे वळले नाहीत. संध्याकाळी पानात जास्तीचे तूप बघून मात्र त्यांनी या वेळी फार विचार केला नाही. भाकरी त्यात बुडवली आणि जेवले.