शेवाळाला घातलेलं पाणी

लोक स्लॅबवर मोगरा लावतात, देवळीच्या गोपालने यंदा शेवाळ जोपासलं होतं.

झालं असं. गोपाल आणि धाकटा भाऊ नत्थू, दोघांची घरं एकाच स्लॅबखाली, मधे एक भिंत. स्लॅबचा उतार नत्थूकडे, पाणी जायचा पाईपही तिकडेच. उन्हाळ्यात गाडी लावण्यावरून दोघांची जुंपली आणि नत्थूने स्लॅबच्या मधोमध विटांची ओळ रचून सिमेंट थापलं. "तुह्यं पानी माह्या पाईपातून जानार नाई," म्हणाला.

पावसाळ्यात गोपालच्या बाजूला तळं साचलं, शेवाळ धरलं. बायको मंजुषा म्हणाली, "अहो, खराट्यानं घासून काढा. ओल येईन घरात."

"येऊ दे. मधातल्या भिंतीतून त्याच्या टीव्हीच्या खोलीत पाझरते. नवा रंग मारला ना त्यानं? भोग म्हणा आता."

पावसाने आठवडाभर उघडीप दिली तेव्हा तर त्याने कहरच केला. रोज सकाळी विटांच्या ओळीलगत दोन बालट्या पाणी ओतायचा. शेवाळ हिरवंगार राहायचं आणि गोपालचं काळीज थंड व्हायचं.

त्यांची आई रुख्माबाई सहा-सहा महिने एकेकाकडे राहायची. दिवाळीपर्यंत पाळी नत्थूची होती. भांडणापासून गोपाल तिकडे फिरकला नव्हता. पोळ्याला मात्र गेला. पाया पडणं नावाला, बघायची होती भिंत.

भिंत मनासारखी सडली होती. रंगाचे पोपडे, काळे डाग. पण टीव्ही तिथे नव्हताच. भिंतीला आईची खाट टेकली होती आणि गादीचा काठ ओला होता. ती हवेशीर खोली नत्थूने उन्हाळ्यातच आईला दिली होती. रुख्माबाई खोकत उठून बसली.

"खोकला कवापासून, माय?"

"तू पानी टाकाले लागला तवापासून."

गोपालच्या तोंडचं पाणी पळालं.

"आभाळ कोरडं, अन् माह्या डोक्यावर रोज दोन बालट्या. तुह्या पायाचा आवाज वळखत नाई काय मी?"

"मंग नत्थूले काऊन नाई सांगितलं?"

"तो काठी घेऊन वर आला असता. त्यानं विटा रचल्या, तू पानी घातलं. मंग म्याही ठरवलं, आपुनही सूड घ्यावा. दिवाळीले तुह्या घरी येत नाई अन् याच्याकडेही राहात नाई. पुलगावले देवकाबहिनीकडे चालली. लोक इचारतीन तर सांगजा, दोन पोरं असून मायले कोरडी भिंत भेटली नाई."

नत्थू दारात येऊन हे सगळं ऐकत होता.

गोपाल तडक वर गेला आणि खराट्याने शेवाळ खरवडू लागला. विटांच्या ओळीशी पोचला तेव्हा पलीकडून नत्थू हातोड्याने ती फोडत होता. तुंबलेलं पाणी पाईपातून धो धो गेलं.

तरी दुसऱ्याच दिवशी, तान्ह्या पोळ्याला, रुख्माबाई पिशवी घेऊन निघालीच. दोघांनीही अडवून पाहिलं.

"भिंत वाळू दे," ती म्हणाली, "मंग पाहू."

मंडळी, शेजाऱ्याची जिरवायला म्हणून आपणही असं काहीबाही साचू देतो. आपला स्लॅब घासणं हे शेजाऱ्यावरही उपकार असतात आणि स्वतःवरही. कारण पलीकडच्या भिंतीला कोणाची खाट टेकली आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. गोपाल आता दर रविवारी खराटा घेऊन वर चढतो, नत्थू पाईप साफ करतो. मग दोघं खाली येऊन भिंतीला हात लावून बघतात. ती अजून ओलीच लागते.