चांदणीची पोर

"अवो, नका बांधू. चांदणी गेली, थे गेली," धुरपताबाई नवऱ्याला म्हणाली.

"तू तिचं तोंड धर," म्हणत रूपसिंगने घोडीच्या दोन्ही कानांची टोकं काळ्या दोऱ्याने एकमेकांना बांधली. वर तुरा लावला की दोरा दिसत नव्हता.

रूपसिंगचा पणजा तांड्याचा नायक. त्याने मारवाडातून आणलेल्या घोडीचा वंश चार पिढ्या चालला. कानाला कान भिडणारा, आणि स्वार पडला तर जागचा न हलणारा. नेरजवळच्या किसनरावांच्या घरचा प्रत्येक नवरदेव त्याच वंशाच्या घोडीवर बसला. पण चांदणी पोटदुखीने मेली, मागे पोर न ठेवता. रूपसिंगने बाजारातून ही घोडी आणली आणि चांदणीची पोर म्हणून सांगून टाकलं. खोटं बोलायला असा कितीसा वेळ लागतो!

आज किसनरावांच्या मुलाची, गोपालची वरात होती. नवरदेव बसण्याआधी घोडीच्या आयांची नावं मोठ्याने सांगायची, हा रूपसिंगच्या घरचा रिवाज. "चांदणीची पोर! चांदणी बिजलीची, बिजली रतनची!" त्याने हाक दिली. किसनरावांनी खुशीत मान डोलावली. रूपसिंगने नजर चुकवली.

चौकात फटाक्यांची लड फुटली. घोडी दचकली आणि किसनरावांचा गोपाल थेट तिच्या पायांत पडला. बायका किंचाळल्या. लड फुटतच होती. घोडी नुसती थरथरत होती, पण तिने एक खूर उचलला नाही. गोपाल धूळ झटकत उठला.

"पाह्यलं का बे!" किसनराव ओरडले. "याले म्हन्तेत रक्त! रूपसिंग, सांग पुन्हा नावं. आयकू दे सगळ्यायले."

रूपसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय हिने रोवले, आणि मान मिळाला चांदणीला. हिच्या आईचं नाव त्याने बाजारात विचारलंही नव्हतं.

त्याने तुरा काढला, दोरा तोडला. कान दोन बाजूंना सुटे झाले. टोकांवर काचल्याचा लाल वळ होता.

"भाऊ, चांदणीची नाही हे. बजारातून आणली. हिच्या मायचं नाव मले मालूम नाही."

बँड थांबला. किसनराव घोडीजवळ आले. मग त्यांनी बायकोच्या ओवाळणीच्या ताटातला गूळ उचलून घोडीपुढे हात धरला. तिने तो चाटून खाल्ला.

"बस रे गोपाल," ते म्हणाले.

लगाम मात्र त्यांनी रूपसिंगकडून काढून स्वतःच्या हातात घेतला. वरात पुन्हा निघाली. रूपसिंग बायकांच्याही मागे राहून चालू लागला. दोरा अजून त्याच्या मुठीतच होता.