माझं नववं प्रकरण

मित्रांनो, मी एक पुस्तक आहे, आणि आता बऱ्यापैकी जुना झालो आहे. माझ्यात राजा नाही, राक्षस नाही, बोलणारा पोपटही नाही. माझ्यात आकडे आहेत. ऐकूनच तुम्ही नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे.

ज्यांनी मला लिहिलं त्यांचा उद्देश चांगला होता. साध्या माणसांना संख्याशास्त्र कळावं, वर्तमानपत्रातले टक्के आणि सरासऱ्या पाहून त्यांनी घाबरून जाऊ नये, म्हणून त्यांनी मला बारा प्रकरणांत, गमतीजमती सांगत लिहिलं. छापखान्यात माझे कागद दुमडले गेले, शिवले गेले, पाठीला गरम खळ लागली. त्या खळीचा वास मला अजून आठवतो. मग एका खोक्यातून मी एका छोट्या वाचनालयात आलो आणि भूमितीच्या पुस्तकाशेजारी उभा राहिलो. चार वर्षं उभाच होतो. माझ्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवला होता, त्यावर एकही शिक्का पडला नाही. पुस्तकाला पाय नसतात. कुणी हात लावीपर्यंत वाट बघायची, एवढंच त्याच्या हाती.

एके दिवशी मास्तरांनी मला बाहेर काढलं. मास्तर म्हणजे शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली, उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि ग्रंथपालबाईंना म्हणाले, "हे एकट्यानं वाचायचं पुस्तक नाही. चौघं जमवतो."

खरोखरच चौघं जमले. दर बुधवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत, एक पाय तोकडा असलेल्या टेबलाभोवती. एक स्वतः मास्तर. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे काका म्हणत. तिसरी एक तरुण आई, मांडीवर तिची नऊ महिन्यांची बबडी. आणि चौथ्या ताई. पलीकडच्या गल्लीत चार खाटांचं एक लहानसं प्रसूतिगृह होतं, तिथल्या त्या परिचारिका. बबडीला जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते ताईंनीच.

माझी एकच प्रत होती, म्हणून एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. सरासरी म्हणजे काय हे समजावताना मास्तर सगळ्यांच्या चपला ओळीत मांडत. काका प्रत्येक वाक्याला शंका काढत. बबडीनं माझा एक कोपरा चघळून पार मऊ केला, आणि तिची आई ओशाळून पदरानं पुसायला लागली तेव्हा मास्तर म्हणाले, "असू दे गं. आपल्यापैकी खऱ्या अर्थानं पुस्तक पचवणारी ती एकटीच."

पण तिसऱ्याच बुधवारी एक भानगड झाली. माझ्यात प्रकरणाच्या सुरुवातीला कोडी आहेत आणि उत्तरं पुढे. काका आधी येऊन गुपचूप पुढची पानं वाचत आणि मग कोड्याची उत्तरं पटापट देत. मास्तरांनी त्यांना पकडलं.

"काका, या वयात कॉपी?"

"कॉपी कसली, अभ्यास आहे," काका म्हणाले.

मग नियम ठरला. पुढचं पान पुढच्या बुधवारी. आधी कुणी वाचायचं नाही, घरी न्यायचं नाही, आणि वाचन संपलं की मला कपाटात ठेवून ग्रंथपालबाईंनी कुलूप लावायचं. सगळे हसले, मीही मनातल्या मनात हसलो. शिस्त चांगलीच असते, असं मला वाटलं.

चौथं प्रकरण काका वाचत होते. त्यात लिहिलं आहे की माणसाची आठवण लबाड असते. जे मनाला भावतं तेवढंच ती जपते आणि बाकीचं गाळते. म्हणून आठवणीवर नाही, मोजणीवर विश्वास ठेवा. हे वाक्य सगळ्यांना भलतंच आवडलं. मास्तरांनी खाली पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. आजही त्या रेघा माझ्या अंगावर आहेत.

पुढच्या बुधवारी ताई उशिरा आल्या. हातात एक अर्ज होता आणि एक छापील यादी. त्या भागातल्या चौदा प्रसूतिगृहांची ती यादी होती. जन्मल्या जन्मल्या मोठ्या रुग्णालयात हलवावी लागलेली बाळं कुठे किती, शेकडा किती. बहुतेक ठिकाणी शेकडा चार, साडेचार. ताईंचं प्रसूतिगृह सगळ्यात शेवटी होतं. वर्षभरात तीस बाळंतपणं, तीन बाळं हलवलेली. शेकडा दहा.

"आरोग्य खात्यातले बंद करायचं म्हणतायत," ताई म्हणाल्या. "माझ्या कामात खोट आहे असं पत्र आलंय. शुक्रवारपर्यंत लोकांच्या सह्यांचा अर्ज दिला तर फेरविचार करतील. मास्तर, तुमची सही पहिली असली की सगळी गल्ली करेल."

मास्तरांनी यादी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. शेकडा दहा आणि शेकडा चार. अडीच पट.

"ताई, राग मानू नका," ते हळूच म्हणाले. "पण हे आकडे..."

"आकडे खरेच आहेत. पण त्या तिघांचं काय झालं ते मी सांगते ना. मला प्रत्येक बाळंतपण आठवतं. पहिली जी होती, ती माझ्याकडे आली तेव्हाच..."

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे, ताई," मास्तर म्हणाले. आवाजात जरासुद्धा कठोरपणा नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "मागच्याच बुधवारी आपण वाचलं. तुम्हीही होतात."

काकांनी मान डोलावली.

मित्रांनो, मी टेबलावर होतो. माझ्या नवव्या प्रकरणात याचंच उत्तर होतं, पान एकशे सदतीस. मी ओरडू शकत नव्हतो. मी पान उलटू शकत नव्हतो. माझ्याच चौथ्या प्रकरणानं ताईंचं तोंड बंद केलं होतं, आणि माझं नववं प्रकरण माझ्याच पोटात मुकं पडून होतं.

एवढ्यात बबडीनं हात घातला. मुठीत पाचपन्नास पानं धरून तिनं मला फाडकन उघडलं. खरं सांगतो, नववंच प्रकरण उघडलं. तिच्या आईची नजर त्यावर गेली. 'लहान ठिकाणांचे' एवढे दोन शब्द तिनं वाचलेही असतील.

"अगं अगं, पुढचं बघायचं नाही," काका म्हणाले. "माझ्यावर आळ येतो आणि तुम्ही मात्र मोकळ्या."

तिनं चटकन मला मिटलं. त्या मिटण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग ताईंनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. ती कावरीबावरी झाली. तिनं पेन घेतलं, मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. तिनं पेन खाली ठेवलं. "मी विचार करून सांगते हं, ताई," ती म्हणाली. ताईंनी बबडीच्या गालाला बोट लावलं, अर्जाची घडी घातली आणि त्या गेल्या. गल्लीतही मग फारशा सह्या झाल्या नाहीत. मास्तरांनी केली नाही म्हणजे काहीतरी असेल, असं लोक म्हणाले. शुक्रवार आला तसा गेला. मी कपाटात होतो.

पुढचे चार बुधवार चौथी खुर्ची रिकामी राहिली. वाचन चालू होतं, पण काकांच्या शंका कमी झाल्या होत्या. त्या महिन्यात प्रसूतिगृहाच्या खाटा टेम्पोतून गेल्या. खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं.

आणि नववं प्रकरण आलं. वाचायची पाळी बबडीच्या आईची होती. प्रकरणाचं नाव 'लहान ठिकाणांचे मोठे टक्के'. त्यात एक प्रयोग सांगितला आहे. एका बरणीत पांढरी बटणं घाला आणि शंभराला चार लाल. मग डोळे मिटून तीस काढा, पुन्हा टाका, पुन्हा काढा.

मास्तर प्रयोगाशिवाय पुढे जात नसत. ग्रंथपालबाईंनी बटणांचा डबा शोधून आणला, लाल नव्हती म्हणून काही बटणं लाल शाईनं रंगवली. आधी काकांनी तीस काढली. लाल एकही नाही. मग बबडीच्या आईनं काढली. एक, दोन, तीन.

"शेकडा दहा," काका सवयीनं म्हणाले, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

बरणी तीच होती. कुणी काही चुकलं नव्हतं. थोडीच बटणं काढली की कधी एकही लाल येत नाही आणि कधी तीन येतात. हजार काढली तर टक्का चाराच्या आसपासच राहतो. म्हणून यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली नेहमी लहान ठिकाणंच सापडतात. माझ्या पानावर हे इतक्या साध्या शब्दांत लिहिलं आहे की वाचताना तिचा आवाज एकेका शब्दावर अडखळू लागला.

ग्रंथपालबाई न सांगता उठल्या आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून मागच्या वर्षीची यादी घेऊन आल्या. अठ्ठावीस बाळंतपणं, हलवलेलं बाळ एकही नाही. ताईंचं प्रसूतिगृह चौदांत पहिलं होतं. तेव्हा कुणी शाबासकी दिली नव्हती.

"म्हणजे ताईंचं काम उत्तम होतं, असंही यातून सिद्ध होत नाही," काका चाचरत म्हणाले.

"नाही होत," मास्तर म्हणाले. "तीस बटणांवरून काहीच सिद्ध होत नाही. मग एकच गोष्ट उरते, काका. त्या तीन बाळांचं काय झालं ते विचारणं. ताई सांगत होत्या. मी सांगू दिलं नाही."

बबडीची आई रडत होती. बबडी बटण तोंडात घालायला निघाली म्हणून तिला रडणंही सोडावं लागलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कपाटात गेलो नाही. मास्तरांनी मला पिशवीत घातलं आणि बसनं मोठ्या रुग्णालयात नेलं. ताईंची बदली तिथल्या कपड्यांच्या कोठारात झाली होती. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालून वॉर्डात पाठवायच्या. बाळंतिणींच्या खोल्या दोन मजले वर होत्या.

मास्तरांनी पान एकशे सदतीस उघडून मला त्यांच्या हातात दिलं. ताईंनी उभ्यानंच सगळं वाचलं. शेवटपर्यंत. मग मला मिटून मास्तरांकडे परत दिलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"मी वर लिहून पाठवतो. प्रयोगासकट. निर्णय बदलायला हवा."

"पाठवा. खाटा दुसरीकडे लागल्यासुद्धा." त्यांनी चादरीची दोन टोकं जुळवली. "मास्तर, हे पान वाचायच्या आधीही मी तीच होते. वीस वर्षं तुम्ही मला ओळखत होतात. मला पुस्तक नको होतं हो. तुमची सही हवी होती."

ताईंनी चादरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून बऱ्याच घड्या घातल्या.

मास्तरांचं पत्र गेलं. उत्तर आलं की विषय बंद झाला आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला जरूर वाचा. एकट्यानं वाचा, चौघांत बसून वाचा, कोपरे चघळलेत तरी मी रागावणार नाही. पण मी अर्धा वाचून झालेला असताना माझ्या जोरावर कुणाची पारख करू नका. अर्धा वाचलेला मी फार घातक असतो, आणि तुम्हाला थांबवायला माझ्याकडे आवाज नाही. आणि समोर बसलेलं माणूस काही सांगू लागलं, तर मला मिटा आणि आधी त्याचं ऐका. मी थांबेन. पुस्तकं कितीही वर्षं थांबतात. माणसांना तेवढी सवड नसते.