तपासणाऱ्याची चौकट

आमच्या राजकोटात दुपारी एक ते चार सगळे झोपतात आणि मी या रिवाजाचा कट्टर पाईक आहे. बावीस वर्षं घरगुती पिठाच्या चक्क्यांची ड्रॉइंगं काढतोय. पूर्वी कागदावर, आता कॉम्प्युटरवर. दुपारची झोप मात्र तीच.

दोन वर्षांपूर्वी धर्मिष्ठा माझ्या हाताखाली आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "माप बदलायचं तर रेघ हलव. नुसता आकडा खोडून नवा टाकू नकोस. कॉम्प्युटर टाकू देतो, पण रेघ जागची हलत नाही. आणि पत्रा कापणारं मशीन रेघ बघतं, आकडा नाही." हे मी तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचो.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, एक काढणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोन्हींत माझंच नाव. एकदा ती म्हणाली, "वजुभाई, दुसरीत माझं घाला ना." मी म्हटलं, "अजून हात कच्चा आहे तुझा."

परवा पावणेएकला आमच्या मालकांचा, दामजीशेठचा फोन आला. चक्कीच्या दाराचं बिजागरीचं भोक काठापासून बेचाळीसऐवजी चव्वेचाळीस मिलिमीटरवर हवं, आणि दोनशे दारं आजच कापायची. घरी बाजरीचा रोटला नि ताक वाट बघत होतं. मी फाइल बदलली, कापणाऱ्या हमीरला पाठवली आणि स्कूटरला किक मारली.

जेवून आडवा झालो आणि डोळा लागता लागता खाडकन उठलो. मी भोक हलवलंच नव्हतं. बेचाळीस खोडून चव्वेचाळीस लिहिलं होतं, बस्स. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

हमीरचा फोन बंद. तो मशीन चालू करून शेजारीच झोपतो. भर उन्हात, सामसूम रस्त्यांवरून मी स्कूटर पळवली. दोनशे दारं भंगारात, आणि बावीस वर्षांची अब्रूही त्यांच्याबरोबर. खरंच रडू येत होतं.

मशीन चालू होतं. अर्धीअधिक दारं कापून थप्पीला लागली होती. मी वरच्या दारावर पट्टी ठेवली. चव्वेचाळीस. खालचं ओढून मोजलं. तेही चव्वेचाळीस.

हमीर डोळे चोळत उठला. "काय वजुभाई, झोप नाही आली?"

"कुठली फाइल लावलीस?"

"धर्मिष्ठाबेनची. तुमची आली की थांबायचं, बेनची आली की लावायची. दोन वर्षं असंच चाललंय. तुम्हाला माहीत नाही?"

मी तसाच ऑफिसात गेलो. धर्मिष्ठा गोंडलहून येते, दुपारी घरी जात नाही. डबा संपवून ती खाकरा खात बसली होती.

"माझ्या फाइली तू मोजतेस?"

"प्रत्येक रेघ. तुम्हीच म्हणालात ना, आकड्यावर विसंबू नको."

"चुका किती निघाल्या?"

"ही तिसरी." तिने खाकऱ्याचा डबा पुढे केला. "घ्या, मेथीचा आहे."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही; फार हलकं वाटलं. खाकरा खात मी दाराचं ड्रॉइंग उघडलं, कोपऱ्यातल्या दुसऱ्या चौकटीतलं माझं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं.

ती मान पुढे करून बघत होती. म्हणाली, "नुसतं खोडून लिहिलंत?"

"इथे चालतं," मी म्हणालो आणि घरी झोपायला गेलो.